पीस लिली आणि एकवीस तांबे पाणी

एका जंगलात झाडं फार होती. जंगल असल्यामुळे असेल.

वड होते, साग होते, ऐन होते, करवंदाच्या जाळ्या होत्या. पण इतक्या झाडांत एकही झाड कुंडीत नव्हतं. ही उणीव कुणाच्याच लक्षात आली नव्हती. त्यामुळे सगळे सुखात होते.

नीट बसा, बाळांनो. मांडी घाला. गोष्टीत प्राणी आहेत, म्हणून तुम्हाला वाटेल ही प्राण्यांची गोष्ट आहे. वाटू द्या.

तर जंगलाचा राजा होता सिंह. त्याचं शेजारच्या जंगलातल्या वाघाशी भांडण होतं. दोन जंगलांच्या मध्ये एक घळ होती आणि घळीत एक पाणवठा होता. सिंह म्हणायचा, पाणवठा माझा. वाघ म्हणायचा, माझा. तीन वर्षं दोघे दोन काठांवर उभे राहून एकमेकांवर डरकाळ्या फोडायचे आणि घरी जाऊन मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचे.

शेवटी दोघांचेही घसे बसले. मग वाघाने शांततेसाठी हात पुढे केला. हातात कुंडी होती.

कुंडीत लांब, तकतकीत हिरव्या पानांचं एक झाड होतं आणि मधोमध एक पांढरंशुभ्र फूल. सोबत चिठ्ठी होती. ती कोल्ह्याने वाचून दाखवली. कोल्हा राजाचा प्रधान सचिव होता. दरबारात वाचता येणारा तो एकटाच, त्यामुळे तो जे वाचेल तेच लिहिलेलं असे.

"या झाडाचं नाव पीस लिली," कोल्ह्याने वाचलं. "हिचं फूल म्हणजे शांततेची खूण. घरात ठेवावी. पळस फुलला की मी तहावर पंजा उमटवायला येईन. तेव्हा फूलही बघेन. आपला, वाघ."

सिंहाला गहिवरून आलं. त्याने कुंडी गुहेत अगदी आत, सिंहासनाशेजारी ठेवली. तिथे काळोख होता. पण मान मोठा होता.

महिन्याभरात फूल हिरवट पडलं. मग तपकिरी झालं. मग वाळलं.

"शांतता वाळली!" सिंह ओरडला. "आता वाघ येईल आणि फूल मागेल. त्याला काय दाखवायचं, देठ? तो म्हणेल, माझा अपमान केला. मग युद्ध होईल." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि युद्धात मला स्वतःला जावं लागेल रे. माझ्या गुडघ्यांची काय अवस्था आहे, तुला ठाऊक आहे ना?"

कोल्ह्याला ठाऊक होतं. त्याने साळूला बोलावणं धाडलं.

साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे असलेली. टेकडीच्या पायथ्याशी तिचं बीळ होतं. ते तिच्या आईने उकरलं होतं, साळूने वाढवलं होतं, आणि आता त्यात तिची दोन पिल्लं वाढत होती. साळू मुळं खाऊन जगायची. जमिनीच्या वर काय चाललंय ते सगळ्यांनाच दिसतं. जमिनीखाली काय चाललंय ते जंगलात फक्त तिला कळायचं.

साळूने कुंडीभोवती एक फेरी मारली. मातीचा वास घेतला.

"महाराज, हिला काय बी झालं न्हाई," ती म्हणाली. "फूल जुनं झालं की हिरवं पडतं न् वाळतं. आपन न्हाई का म्हातारे होत? नवं येईल. पन हितं अंधारात न्हाई यायचं. हिला गुहेच्या तोंडाशी ठेवा. उजेड पायजे, ऊन नको. बोट खुपसून बघायचं, वरची माती सुकली असंल तरच पानी. पानावरची धूळ पुसायची. न् गप बसायचं."

"इतकंच?" कोल्ह्याने विचारलं.

"इतकंच."

"मग समितीने काय करायचं?"

"कुठली समिती?"

"आहे एक. आत्ताच नेमली."

साळूने मान डोलावली. मग जाता जाता, गरज नसताना, एक बोलून गेली. माहीतगार माणसांची ही खोड फार वाईट.

"न् ते पांढरं दिसतं ना, ते फूल न्हाईच. ते पानच असतं. मधी दांडी असती बघा, तिच्यावर असतात खरी फुलं. बारीक बारीक."

कोल्ह्याने इकडेतिकडे पाहिलं. "साळूबाई, हे बाहेर कुठे बोलू नका," तो हळूच म्हणाला. "दोन राज्यांमधली शांतता एका पानावर टिकून आहे, हे जनतेत जाता कामा नये."

मग त्याने आदेश वाचला. साळूबाईंची पीस लिलीच्या देखभालीवर नेमणूक करण्यात येत आहे. पळस फुलेपर्यंत फूल न आल्यास साळूबाई पिल्लांसह जंगलातून तडीपार. बीळ सरकारजमा.

"पन साहेब, मी कुठं मागितली नेमणूक?"

"म्हणून तर तुमच्यावर विश्वास आहे," कोल्हा म्हणाला.

हसू नका. पिल्लांचे काटे अजून मऊ होते. तसल्या पिल्लांना घेऊन उघड्यावर निघायचं म्हणजे काय, हे ज्यांना घर आहे त्यांना सांगून कळत नाही.

समिती एकवीस जणांची होती. कोल्हा अध्यक्ष. अस्वल पोषण विभागाचं. उरलेल्या एकोणीस जणांची नावं सांगत बसलो तर तुम्ही झोपाल. ते स्वतःही बैठकीत झोपायचे.

पहिल्यांदा अस्वल कामाला लागलं. "खाल्लं की अंगाला लागतं!" असं म्हणत त्याने कुंडीत शेणखत ओतलं. त्यावर माशांची डोकी. त्यावर एक अख्खं मधाचं पोळं. रोज सकाळी तेच, संध्याकाळी पुन्हा तेच.

लिली फोफावली. पानांवर पानं आली. सिंहासनावर बसायला जागा उरेना, सिंह अंग चोरून बसू लागला.

"बघा!" अस्वलाने छाती ठोकली.

"पाला झाला, अस्वलदादा," साळू म्हणाली. "फूल कुठंय? तुमी पोटभर जेवल्यावर तुमाला काय सुचतं?"

"झोप," अस्वल प्रामाणिकपणे म्हणालं.

"तिचंबी तसंच हाय."

अस्वल मनाचं चांगलं होतं. त्याने खत निम्म्यावर आणलं. निम्मंही पुष्कळ होतं, पण लिली त्यातून तगली असती. खरा घोटाळा पुढेच झाला.

आता या जंगलाची एक रीत सांगतो. पूर्वी तिथे कुठलाही समारंभ समई लावून सुरू व्हायचा. पुढे एका वर्षी 'वणवा प्रतिबंध सप्ताहा'चं उद्घाटन झालं. समई लावली, वारा आला, गवत पेटलं आणि सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी अर्धी टेकडी जळाली. तेव्हा कोल्ह्याने परिपत्रक काढलं की यापुढे दीपप्रज्वलन बंद. मान्यवरांनी रोपाला पाणी घालून उद्घाटन करावं. पाण्याने आग लागत नाही.

परिपत्रक चांगलं होतं. पण जंगलात कुंडी नव्हती. वडाला पाणी घालता येतं, पण वड टेबलावर ठेवता येत नाही. त्याच्याखाली पांढरी चादर अंथरता येत नाही. त्यामुळे इतकी वर्षं उद्घाटनं नुसती भाषणांवर भागवली जात होती.

आता कुंडी आली होती. जंगलाने इतक्या वर्षांचं सगळं साठलेलं एकदम काढलं.

मुंग्यांच्या नव्या वाटेचं लोकार्पण झालं. लिलीला टेबलावर ठेवलं. प्रमुख पाहुण्यांनी एक तांब्या ओतला. मग अध्यक्षांनी एक. मग विशेष उपस्थितांनी. समितीत एकवीस जण, आणि मान कुणाचा डावलायचा? एकवीस तांबे झाले.

गाढवाचा सेवापूर्ती समारंभ झाला. एकवीस तांबे.

कावळ्याच्या कवितासंग्रहाचं प्रकाशन झालं. एकवीस तांबे. लिलीने कविताही ऐकल्या, ते वेगळंच.

'पाणी वाचवा' अभियानाचं उद्घाटन झालं. तेव्हाही एकवीस. वर कुणाचं तरी नाव राहून गेलं होतं, म्हणून आणखी दोन.

लिलीने मान टाकली. सगळी पानं कुंडीच्या काठावरून लोंबू लागली.

"तहान लागलीय तिला!" कोल्हा म्हणाला.

"साहेब, तहान न्हाई. मुळं कुजायला लागलीत," साळू हात जोडून म्हणाली. "मुळं कुजली की पानी वर चढत न्हाई. ती बुडालीय न् तहानलीय, दोनी एकदम. चार दिस तिला कुनी हात लावू नका."

"बुडालेला तहानलेला कसा असेल, साळूबाई? काहीतरी एक ठरवा."

मतदान झालं. तहानेच्या बाजूने एकवीस मतं पडली. विरोधात एकही नाही. साळूला मत नव्हतं.

तांबे आले.

तिसऱ्या दिवशी पानं पिवळी पडली. पाचव्या दिवशी कुंडीला वास यायला लागला. सातव्या दिवशी कोल्ह्याने लिलीच्या निधनाची बातमी जाहीर केली आणि शोकसभा बोलावली.

आणि इथे, बाळांनो, लिली वाचली. शोकसभेला उद्घाटन नसतं. त्या दिवशी तिच्या अंगावर थेंबही पडला नाही. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. अस्वल हमसून हमसून रडलं. कोल्हा म्हणाला, "तिच्या जाण्याने समितीची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे." मग दोन माकडांनी कुंडी उचलून गुहेमागच्या उकिरड्यावर टाकली.

साळूने विचारलं, "मग मी आताच निघू का, साहेब?"

"छे छे, असं कसं? पळस फुलेपर्यंत थांबा," कोल्हा म्हणाला. "पाहुणे आल्यावर जबाबदार कोण, ते दाखवायला नको?"

साळू उकिरड्यावर गेली. कुंडी उलटी करून तिने लिली बाहेर काढली. मुळं काळी, लिबलिबीत झाली होती. तिने कुजलेली सगळी दातांनी कुरतडून थुंकून टाकली. शेवटी चार मुळं उरली. पांढरी, टणक, कुरकुरीत. असली मुळं म्हणजे साळिंदराचा जीव की प्राण. त्यात दोन दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं. तिने ती चार मुळं तोंडात धरली. थोडा वेळ तशीच बसली.

मग सोडून दिली.

तिने पालापाचोळ्याची कोरडी माती आणि जाडी वाळू आणली. बुडाला भोक असलेलं एक लहानसं मडकं शोधलं. लिली त्यात लावली आणि बिळाच्या तोंडाशी ठेवली. तिथे समोरच्या कातळावरून उजेड यायचा, पण ऊन यायचं नाही. आठ दिवस तिने पाणी दाखवलंसुद्धा नाही. नंतर रोज बोट खुपसून बघायची आणि बहुतेक वेळा बोट पुसून घरात जायची.

सुरुवातीला ती हे सगळं भीतीपोटी करत होती. खोटं कशाला सांगू? पण पुढे पुढे सकाळी उठल्यावर ती आधी पिल्लांची तोंडं बघायची आणि लगेच लिलीची पानं. तिला ती आवडायला लागली होती.

एक पान आलं. मग दुसरं. मग बुंध्याशी एक पिलू फुटलं, केळीला फुटतं तसं. साळूने ते हलक्या हाताने सुटं केलं आणि भोक पाडलेल्या करवंटीत लावलं. पिल्लांना सांगितलं, हे तुमचं भावंड, याला काटे टोचायचे नाहीत.

थंडी ओसरली. एका सकाळी पानांच्या मधून एक देठ वर आलेला दिसला. टोकाला काहीतरी फिकट, गुंडाळलेलं. साळू त्याच्याकडे बघत बसली ती दुपारपर्यंत.

पळस फुलला. वाघ आला.

गुहेपुढे मांडव घातला होता. कोल्हा स्वस्थ बसणारा नव्हता. त्याने ओढ्याकाठचा अळू उपटून कुंडीत लावला होता आणि त्याला दोऱ्याने तगरीचं फूल बांधलं होतं.

"हीच आपली पीस लिली," तो वाघाला म्हणाला. "आमच्या समितीने तळहातावरच्या फोडासारखी जपली."

वाघाने वास घेतला. "हा अळू आहे."

"नाही महाराज, लिलीच..."

"सणावाराला आमच्याकडे मांस नसतं," वाघ थंडपणे म्हणाला. "दर सणाला याचंच फतफतं खातो मी. मला अळू कळतो."

सिंहाचे गुडघे लटपटायला लागले. कोल्ह्याने तत्परतेने आदेशाचा कागद काढला. "महाराज, याला जबाबदार असलेली व्यक्ती आम्ही हजर ठेवली आहे. साळूबाई!"

साळू पुढे आली. मागून पिल्लं आली. साळूच्या हातात फुटक्या काठाचं मडकं होतं. मडक्यात सात पानांची लिली होती आणि मधोमध एक पांढरंशुभ्र फूल.

वाघ बघतच राहिला. मग सिंहाच्या कानाशी लागला. "खरं सांगू? माझ्याकडच्या तीन मेल्या. ही चौथी. बाजारात औषध मारून फुलवतात, घरी आणली की फूल जातं ते जातंच. म्हटलं, मरायची तर तुमच्याकडे मरू दे. तुम्ही कसं काय जमवलंत?"

"समिती," सिंह म्हणाला. त्यालाही दुसरं काही माहीत नव्हतं.

तहावर दोघांचे पंजे उमटले. पाणवठा दोघांचाही नाही असं ठरलं. घळ हे शांतता क्षेत्र जाहीर झालं. दोन्ही जंगलांतल्या कुणीही तिथे पाय ठेवायचा नाही.

सिंहाला आनंद आवरेना. "साळू," तो म्हणाला, "तुझी तडीपारी रद्द. बीळ तुझं, तुझ्या पिल्लांचं, आणि त्यांच्याही पिल्लांचं!"

साळूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. किती महिन्यांनी तिने पोटभर श्वास घेतला.

तेवढ्यात कोल्हा माइकजवळ गेला. "आता समारंभाची रीतसर सुरुवात करू या."

टेबल आलं. पांढरी चादर आली. मडकं चादरीवर ठेवलं गेलं. मागे एकवीस जण रांगेत उभे राहिले, प्रत्येकाच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या. सगळ्यांच्या पुढे वाघ, पाहुणा म्हणून त्याचा तांब्या चांदीचा.

साळूने सकाळीच बोट खुपसून पाहिलं होतं. माती ओली होती.

ती स्वतःला म्हणाली, गप बस साळू. बीळ मिळालंय. झाड काय, आज आहे उद्या नाही. तिची पिल्लं टेबलाखाली एकमेकांच्या अंगावर लोळत होती. तिने डोळे मिटून घेतले.

तांब्या कलल्याचा आवाज आला आणि साळू धावली.

"नका घालू पानी!" ती टेबलासमोर आडवी उभी राहिली. "वाघसाहेब, पाया पडते. माती वली हाय अजून. हिच्या अंगात चारच मुळं व्हती, कशीबशी जगवलीय. परवा घाला. मी सांगीन तवा घाला."

घाबरलं की साळिंदराचे काटे उभे राहतात. त्यात त्याचा दोष नसतो. एक काटा वाघाच्या पंजात घुसला. तांब्या खाली पडला, घरंगळत कोल्ह्याच्या पायाशी गेला.

"आई गं!" वाघ ओरडला.

"पाहुण्यांवर हल्ला!" कोल्हा किंचाळला. "भर मांडवात! शांततेच्या तहावरची शाई वाळली नाही तोवर शांतताभंग!"

सिंहाने साळूकडे पाहिलं. मग वाघाच्या पंजाकडे. मग आपल्या गुडघ्यांकडे. तो वाईट राजा नव्हता. गुडघे वाईट होते.

"तडीपार," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

साळूची शिक्षा रद्द होऊन अजून पाव घटकाही झाली नव्हती.

तिने पिल्लांना गोळा केलं. ती मांडवातून बाहेर पडताना पंजा चाटत असलेला वाघ हळूच म्हणाला, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण माझ्या जंगलात येऊ नका. आमची समिती बेचाळीस जणांची आहे."

साळू बिळाशी गेली. करवंटी उचलली. आईने उकरलेल्या त्या बिळात एकदा वाकून बघितलं. मग उतार धरून निघाली.

इकडे समारंभ थाटात पार पडला. एकवीस तांबे झाले. वाघाचा पंजा बांधलेला होता, म्हणून त्याच्या वतीने कोल्ह्याने बाविसावा तांब्या ओतला. समितीतल्या प्रत्येकाला शाल आणि श्रीफळ मिळालं. अस्वलाने तिथेच नारळ फोडून खाल्ला. फूल आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी शोकसभा झाली आणि समितीची सदस्यसंख्या वाढवून बेचाळीस करण्यात आली.

आता तुम्ही विचाराल, साळू गेली कुठे? दोन्ही जंगलांतून हाकललेल्या प्राण्याने जायचं कुठे?

ती घळीत गेली. शांतता क्षेत्रात. तिथे सिंह येत नव्हता, वाघ येत नव्हता, आणि रस्ता नसल्यामुळे रस्त्याचं उद्घाटनही होत नव्हतं. पाणवठ्याच्या वर एका कपारीत तिने नवीन बीळ उकरलं. नखं झिजली. पहिला पावसाळा वाईट गेला. खूपदा तिला जुनं बीळ आठवायचं आणि रडू यायचं. ते आईचं होतं ना.

करवंटीतलं पिलू मोठं झालं. पुढच्या वर्षी त्याला फूल आलं. एक नाही, तीन.

एके दिवशी तो कवी कावळा वाट चुकून घळीवरून उडत चालला होता. खाली पांढरं काहीतरी दिसलं म्हणून खडकावर उतरला.

"साळूताई, ते काय गं पांढरं पांढरं? भारी दिसतंय! आमच्या कोल्हेसाहेबांना सांगू का?"

साळूने मान वर केली नाही. ती बोटाची माती पुसत होती.

"काय न्हाई रे बाबा," ती म्हणाली. "अळूवर रोग पडलाय. लांबच ऱ्हा, उडून लागतो."

कावळा घाबरून उडाला. साळूने फुलांवरची धूळ पुसली आणि ती पिल्लांना जेवायला वाढायला आत गेली.

तात्पर्य : पीस लिलीला उजेड दाखवावा, ऊन दाखवू नये. पाणी बेताचं घालावं. आणि फूल आलंच, तर त्याला रोग म्हणावं. मुलांनो, प्रामाणिक कष्टांचं चीज झाल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच ते लपून करावेत.